माझ्या जागी बंडू

रविवार, १९ फेब्रुवारी १९५६

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतलं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या परळच्या मंडळीच्या चर्चमध्ये तीन तासांची उपासना असते. ख्रिस्तानं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. यंदा दुसरा उद्गार माझ्याकडे आला आहे, शेजारी टांगलेल्या चोराला सुखलोकाचं वचन दिलं तो. नीट बोललो तर ईस्टरनंतर कमिटी मला सुवार्तिक, मंडळीचा पगारी प्रचारक, नेमणार. मिशनच्या शाळेतला खडू-फळा सुटणार. या एका नेमणुकीसाठी मी देवाचं किती डोकं खाल्लंय ते त्यालाच ठाऊक.

आनंद झाला, पण एक अडचण आहे. खरं लिहितो, इथं कोण वाचतंय. तो चोर मला कधीच आवडला नाही. जन्मभर एक धड काम केलं नाही, बाप्तिस्मा नाही, दान नाही, आणि शेवटच्या घटकेला नुसतं 'माझी आठवण ठेव' म्हणाला आणि सुटला. तारण कृपेनं होतं, कर्मांनी नाही, हे मी दर रविवारी बाप्तिस्म्याच्या वर्गाला घोकून घेतो. तरी वाटतं, मग मी पहाटे उठून गुडघे टेकतो ते कशाला?

संध्याकाळी समोरच्या खोलीतल्या दुर्गावहिनींनी वाटीतून शिरवाळ्या पाठवल्या, तांदळाच्या शेवया नारळाच्या गोड रसात. एस्तेरनं वाटी धुतली, तिच्यात साखर घातली आणि मगच परत दिली. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही आमच्या दोघांच्याही आयांची शिकवण. दुर्गावहिनींचा नवरा बंडू परब गिरणीत बदली कामगार आहे. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर त्याच्या जागी मागावर जायचं, नाहीतर घरी. घरी आला की पत्ते, नाहीतर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा. आवाज असा की माझी प्रार्थना आमेनपर्यंत पोचत नाही.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

डोकं तापलंय. सकाळी नळावर बंडूनं मला धरलं. म्हणाला, जानेवारीतल्या गोळीबारात समोरच्या चाळीतला आनंदा गेला तेव्हा सगळी चाळ खाली होती, मास्तर, तुम्ही गॅलरीत उभे. मुंबई तुमची नाही काय? मी म्हणालो, आमचं नागरिकत्व स्वर्गातलं आहे. तो म्हणाला, मग रेशनकार्ड नायगावचं कशाला? सगळा नळ हसला. बायकासुद्धा.

ते लागलं मला. आनंदाला मी चौथीत शिकवलं होतं. पाढे म्हणताना डोळे मिटायचा. तो मेला त्या दिवशी मी खरंच गॅलरीत होतो.

शाळा सुटल्यावर सरळ बाबुरावांकडे गेलो. बाबुराव आमच्या चाळीतले संयुक्त महाराष्ट्र समितीचे कार्यकर्ते. बंदीहुकूम मोडून अटक करून घेणाऱ्या तुकड्या तेच काढतात. म्हटलं, सोमवारच्या तुकडीत माझं नाव घाला. घरी विचारलंत का, म्हणाले. हो म्हटलं. विचारलं नव्हतं.

एस्तेरला सांगितलं. तिला सातवा महिना आहे. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "राग बंडूभाऊजींचा आला, आणि तुरुंगात मी जायचं होय?" म्हटलं, तू कुठं, मी जाणार. तर म्हणाली, तेच ते.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

पाळकसाहेबांना कळलं. कसं ते देव जाणे. त्यांनी रागावून नाही, समजावूनच सांगितलं. राज्यकर्त्यांच्या अधीन राहावं असं शास्त्र सांगतं. शिवाय तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला मिशनच्या शाळेत ठेवणं कठीण, सुवार्तिकाची गोष्ट तर विसराच. घरात बाळ येतंय. हिवाळे, नाव मागे घ्या.

त्यांचं काही चूक नाही. मीच आगीत उडी मारली. संध्याकाळी नाव काढायला बाबुरावांच्या दारापर्यंत गेलो. आत आनंदाची आई बसली होती. तशीच पावलं मागे घेतली. उद्या सांगेन.

रविवार, २६ फेब्रुवारी

काल सांगितलं नाही. आजही नाही. उपासनेत मन लागलं नाही. देवाला म्हटलं, तूच काहीतरी कर. माझ्यासारख्याची ही नेहमीची प्रार्थना, स्वतः काही करायचं नसलं की.

सोमवार, २७ फेब्रुवारी

रात्रीचे बारा वाजलेत. तरी लिहितो.

संध्याकाळी चाळीच्या मैदानात तुकडी उभी राहिली. ढोल, गुलाल, बायका ओवाळायला आलेल्या. मी गर्दीत मागे उभा होतो. पिशवीत एस्तेरनं भरून दिलेला पंचा आणि साबण होता, आणि खिशात उद्गाराची टिपणं. म्हणजे जायचं की नाही ते पिशवीला एक माहीत होतं आणि खिशाला दुसरं.

बाबुराव एकेक नाव पुकारत होते. ज्याचं नाव येई तो 'हजर' म्हणून पुढे होई, गळ्यात हार पडे. मग पुकारलं, "हिवाळे शांतवन योहान." लोकांनी इकडंतिकडं पाहिलं. बाबुरावांनी पुन्हा पुकारलं. मी पाहत होतो, माझ्याच पायांकडे.

"हजर," कुणीतरी म्हणालं. बंडू. गुलालानं अर्धं तोंड लाल, हातातली विडी चिरडून टाकली आणि माझ्या जागी जाऊन उभा राहिला. हार घातला तर मान पुढे केली. बाबुरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग गर्दीत माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं नाव घेतलं. पुढं पोलीस थांबले होतेच. तुकडी गाडीत चढली, घोषणा देत गेली.

मी पिशवी घेऊन घरी आलो. एस्तेरनं पंचा परत खुंटीला लावला.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

महिनाभर साधी कैद झाली. माझ्या नावावर. म्हणजे सरकारच्या लेखी मी आज आर्थर रोडच्या तुरुंगात आहे, आणि इथं चौथीला नद्या शिकवतोय.

राग येतोय, आणि तो बंडूवर. त्याला कुणी सांगितलं होतं? कोर्टात उभा राहून खोटं नाव सांगितलं. त्या पापात माझं नाव गुंतवलं. मी मागितलं नव्हतं.

शनिवार, ३ मार्च

पाच दिवस दुर्गावहिनींचं पाणी मी भरतोय. पहाटे नळाला उभा राहतो, त्यांची दोन पिंपं भरतो, मग आमचं. भाजी आणून देतो. काल त्यांच्या स्टोव्हची पिन बदलून दिली. एस्तेर म्हणते, आमच्या स्टोव्हची कधी बदललीत?

आज दुर्गावहिनींनी दारातच अडवलं. बारीक चणीची बाई, पण उंबऱ्यात उभी राहिली की दार भरतं. "भावजी, पुरे झालं. पाणी माझं मी भरत होते, भरीन. त्यांनी केलं ते केलं. ते काय उसनं पीठ आहे परत फेडायला?"

मी म्हणालो, मला चैन पडत नाही. त्या म्हणाल्या, तो तुमचा प्रश्न, माझ्या पिंपाचा नाही. दार लावून घेतलं.

बुधवार, ७ मार्च

उद्गारावर बोलायचं ते तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा शाळा तपासायला येणाऱ्या साहेबासमोरचं भाषण वाटलं. फाडलं.

रविवार, ११ मार्च

बाप्तिस्म्याचा वर्ग घेतला. सात जण आहेत. मी नेहमीच्या क्रमानं गेलो. सगळ्यांनी पाप केलं आहे, स्वतःच्या चांगुलपणानं कुणी सुटत नाही, म्हणून निर्दोषानं दोषींच्या जागी शिक्षा घेतली, त्यावर विश्वास ठेवला की नवा जन्म. हे मी झोपेतही सांगेन.

लालबागच्या यशोदाबाई मागे बसतात. विधवा, घरी मेसचे डबे करतात. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "मास्तर, दुसऱ्यानं आपली शिक्षा भोगली हे कळल्यावर, घास गिळतो का हो माणसाला?"

मी चिडलो. म्हणालो, विश्वास असेल तर गिळतो. त्यांनी मान डोलावली आणि पदरात तोंड लपवलं. मी इतका का चिडलो कळत नाही. साधी बाई, साधा प्रश्न.

घरी येऊन एस्तेरला सांगितलं. ती बाळाची दुपटी शिवत होती. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, तुम्ही गेले पंधरा दिवस अर्धी भाकरी टाकताय. म्हटलं, त्याचा इथं काय संबंध. नाही ना, मग नसेल, म्हणाली.

गुरुवार, १५ मार्च

आज खरा घाव बसला. नळावर दोन बायका बोलत होत्या त्यातून कळलं. पाडव्यानंतर बंडू गिरणीत कायम होणार होता. त्यासाठीच दुर्गावहिनींनी त्याला तुकडीत जायचं नाही अशी शपथ घातली होती. आता महिनाभर फाटकावर उभा नाही, म्हणून बदलीच्या यादीतून नाव गेलं. परत आला की पहिल्यापासून सुरुवात. आणि सत्याग्रहात होतो असंही त्याला सांगता येणार नाही. सत्याग्रहात मी होतो.

तसाच बाबुरावांकडे धावलो. म्हटलं, मी पोलिसांत जातो, खरं सांगतो, माझी जागा मला द्या. बाबुराव दाढी करत होते. अर्ध्या साबणाच्या तोंडानं म्हणाले, मग खोटं नाव सांगितलं म्हणून बंडू आणखी आत, तुम्हीही आत, आणि तुमची बायको बाळंत व्हायला जाणार कुठं? गप घरी बसा. "फुकट मिळालंय ते पचत नाही तुम्हाला, मास्तर, एवढंच आहे."

फुकट म्हणे. मला असं बोलणारे बाबुराव कोण? रस्ताभर त्यांना उत्तरं देत आलो. घरी पोचलो तोवर सगळी संपली होती.

रविवार, १८ मार्च

पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही तुकडीत गेला नाहीत, प्रभूनं मार्ग काढला. मी हो म्हणालो. प्रभूनं. हो.

सोमवार, २६ मार्च

होळी. दुर्गावहिनींनी पुरणपोळी पाठवली. मी खाल्ली नाही. एस्तेरनं दोघांच्या वाटची खाल्ली आणि ताटलीत मूठभर तांदूळ घालून परत दिली.

मंगळवार, २७ मार्च

बंडू सुटून आला. धुळवड चालली होती, त्यामुळे चाळीत कोण कैदेतून आलाय आणि कोण रंगून आलाय कळत नव्हतं. वाळलाय. दाढी वाढलीय. मी त्याच्या खोलीत गेलो. बोलायचं म्हणून काय काय ठरवलं होतं, आणि विचारलं काय, तर जेवण कसं होतं.

तो एकदम खुशीत होता. म्हणाला, मास्तर, तुमच्या नावानं लई त्रास दिला. दर रविवारी एक पाद्री यायचा. हिवाळे म्हणून हाक मारली की जावं लागायचं. बाकीचे पत्ते खेळायचे आणि मी डोळे मिटून प्रार्थनेला. पाद्रीनं विचारलं तुमची मंडळी कुठली, तर सांगितलं परळ. गाणी येतात का, तर सांगितलं घसा बसलाय. तुमच्या नावाला बट्टा नको म्हणून विडीसुद्धा सोडली. दुर्गावहिनी हसत होत्या. नवरा आल्याचा आनंद बाईच्या सगळ्या अंगात होता.

मग मी विचारलंच. का गेलास? मी तुला काय दिलं होतं कधी? भांडणाशिवाय?

बंडूनं डोकं खाजवलं. "खरं सांगू? बाबुरावांनी दुसऱ्यांदा पुकारलं आणि जागा रिकामी दिसली. मला सवय आहे ओ. रिकामी जागा दिसली की पाय जातो." मग म्हणाला, "आणि तुमचं तोंड बघवत नव्हतं."

मी गिरणीचं काढलं. तो म्हणाला, जाऊ द्या, गिरणी काय पळून जाते? पण दुर्गावहिनींचं हसू तेवढ्यापुरतं थांबलं. ते मी पाहिलं.

शुक्रवारी येऊ का चर्चमध्ये, त्यानं विचारलं. पाद्रीनं अर्धी गोष्ट सांगितली आणि मी सुटलो, पुढची तुम्ही सांगा. ये म्हणालो. नको कसं म्हणणार?

गुरुवार, २९ मार्च

आज उद्गार लिहून झाला. चांगला झालाय. पाळकसाहेबांना वाचून दाखवला. त्यांनी खांदा थोपटला, कमिटीचे दोघे जण मुद्दाम ऐकायला येणार म्हणाले. बंडूबद्दल त्यात एक अक्षर नाही. असायचं कारणही नाही. उद्गार ख्रिस्ताचा आहे. हे मी सकाळपासून स्वतःला सांगतोय.

शुक्रवार, ३० मार्च. उत्तम शुक्रवार

चर्च भरलं होतं. बंडू धुतलेला सदरा घालून शेवटच्या बाकावर. दुर्गावहिनी बायकांच्या बाजूला, एस्तेरच्या शेजारी. पहिला उद्गार झाला, गीत झालं, मी उभा राहिलो.

सुरुवात छान झाली. त्या चोराकडे देवाला दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणालो. हात खिळलेले, त्यामुळे आता काही चांगलं करून दाखवावं तर तेही शक्य नाही. परतफेडीची सगळी दारं बंद. त्याला फक्त घेता येत होतं. हे मी स्वतःच लिहिलेलं वाक्य. वाचता वाचता मान वर केली तर बंडू दिसला. पुढे वाकून, तोंड जरासं उघडं ठेवून ऐकत होता. कागदावरच्या ओळी दिसत होत्या, पण वाचता येईनात. कुणीतरी खोकलं.

मी म्हणालो, "माझ्या नावावर महिन्याची कैद लिहिलेली आहे. ती मी भोगली नाही. ज्यानं भोगली तो इथं बसलाय, आणि मी अजून त्याचे धड आभार मानलेले नाहीत."

आणि खाली बसलो. अर्धं प्रवचन हातात तसंच. यशोदाबाई रडत होत्या. पेटीवाल्यानं गडबडून तिसऱ्या उद्गाराचं गीत सुरू केलं.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेब माझ्यापाशी आले. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. "हिवाळे, तुम्ही दुसऱ्या उद्गारावर बोलायचं होतं. स्वतःवर नव्हे." कमिटीचे दोघे जण मला टाळून निघून गेले. नेमणूक गेली, हे कुणी सांगायची गरज नव्हती. शाळेचंही आता काय होतं कोण जाणे. पण छाती मोकळी झाली होती. खरं सांगतो, जरा अभिमानसुद्धा वाटत होता, की पाहा, मीही काही सोडलं.

बाहेर बंडू उभा होता. मला वाटलं होतं, मिठी मारील. तो भडकलेला.

"काय केलंत मास्तर! एवढा महिना विडीशिवाय काढला, तो वाया घालवलात."

म्हटलं, माझ्या मनाला बरं वाटत नव्हतं. तो म्हणाला, तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून कोण गेलं होतं? नोकरी राहिली असती ना तुमची, पोर येतंय घरात. आणि मग एकदम आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "मला एक सांगा. तो पाद्री सांगायचा, लोकांनी ख्रिस्ताला ठेवून घेतला आणि त्याच्या बदली एका दरोडेखोराला सोडला. तो दरोडेखोर सुटल्यावर परत गेला काय? मलाच टांगा म्हणून?"

मी जन्मापासून ख्रिस्ती. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. ती कथा मी शंभर वेळा शिकवली असेल. त्या माणसाचा हा विचार मी कधी केला नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "त्याचं पुढं काहीच लिहिलेलं नाही."

"म्हणजे घरी गेला," बंडू म्हणाला. "शहाणा होता."

चौघंही चालत नायगावला आलो. बायका पुढे, आम्ही मागे. मी त्याला म्हणालो, बंडू, तुझे उपकार झाले. तो म्हणाला, बरं. एवढंच. मग म्हणाला, सोमवारपासून फाटकावर उभं राहायचंय, लवकर उठवा, तुम्ही उठताच.

रविवार, १ एप्रिल. ईस्टर

पाळकसाहेबांनी कळवलं, यंदा नेमणूक नाही, पुढच्या वर्षी पाहू. शाळेचं मात्र ते स्वतः हेडमास्तरांशी बोलणार आहेत. वाईट वाटलं, पण दुपारी गाढ झोपलो. बऱ्याच दिवसांनी.

दुर्गावहिनींनी वाटीतून शिरवाळ्यांचा रस दिला, तुमचा सण म्हणून. मी तो सगळा खाल्ला, बोटानं वाटी पुसून. एस्तेर साखरेचा डबा घेऊन उठत होती. म्हटलं, राहू दे, आज मी देतो नेऊन.

वाटी धुतली, पुसली आणि समोर नेऊन दिली. दुर्गावहिनींनी आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. वाटी रिकामी होती. त्यांनी ती घेतली आणि फळीवर ठेवून दिली.